बिरू आप्पाची पहिली मयत

शुटिंग बघायला आलेल्या माणसाला वाटतं, कॅमेऱ्यामागं उभा असतो तोच कामाचा माणूस. तसं काही नसतं. कामाचा माणूस त्या वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला पिठाच्या गिरणीवाल्याची दाढी धरत असतो, की बाबा, अर्धा तास गिरणी बंद ठेव, आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतोय. तो माणूस मी. धारूरला माझा फोटो स्टुडिओ. लग्नाचं शुटिंग, वाढदिवसाचे फ्लेक्स, श्रद्धांजलीचे फ्लेक्स यावर घर चाललं. किल्ल्यामुळं बाहेरचे शुटिंगवाले अधूनमधून यायला लागले आणि गावात कॅमेऱ्यातलं कळणारा एवढा एकच म्हणून सगळे माझ्या दारात. त्यांच्या कागदावर माझ्या नावापुढं 'लोकल व्यवस्था' असं लिहिलेलं असायचं.

व्यवस्था म्हणजे काय, तर किल्ल्याची परवानगी, पोलिसांना अर्ज, सरपंचाला शाल-नारळ, सत्तर माणसांचं जेवण, आणि ऐनवेळी 'एक पांढरा घोडा पाहिजे' म्हटलं की पांढरा घोडा. सगळ्यात अवघड काम गर्दी हटवायचं. पोलीस शिट्ट्या मारून दमतात, गर्दी हलत नाही. मी काय करायचो, लांब एका लिंबाखाली माझा जुना व्हिडिओ कॅमेरा स्टँडवर उभा करायचो. त्यात कॅसेटही नसायची. मग चहाच्या टपरीवर हळूच सोडून द्यायचं, हिरॉईन तिकडं येणार आहे म्हणून. दहा मिनिटांत सगळी गर्दी लिंबाखाली. तासतासभर लोक त्या रिकाम्या कॅमेऱ्यापुढं केस विंचरून उभे राहायचे, आणि मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

एकदा एका गाण्याच्या अल्बमवाल्यांना हिरो मेंढरांतून गात येताना दाखवायचा होता. मेंढरं अंगाशी आली तसा हिरो टेकाडावर पळाला तो काही केल्या खाली येईना. शेवटी मेंढरंवाल्या धनगर म्हाताऱ्यालाच हिरोचा शर्ट घातला आणि पाठमोरं चालवलं. ते गाणं लई चाललं. त्यात जो ऐटीत चालतो तो आमचा बिरू आप्पा. तेव्हापासून आप्पाची आणि माझी दोस्ती. तीसेक मेंढरं, डोईला पिवळा पटका, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. घाटाच्या कडेला झोपडीवजा घरात एकटाच, जवळ मोबाईलही नाही. एकुलती एक लेक, द्वारका, शिरूर कासारकडच्या एका वाडीत दिलेली. ती नवऱ्याबरोबर दर हंगामाला ऊस तोडायला कोल्हापूरकडं जायची.

आता साहेबांकडं येतो. इतका वेळ टाळत होतो ते हेच.

साहेब इंग्लंडचे, सत्तरी ओलांडलेले, नावाजलेले डायरेक्टर. नाव लिहीत नाही, त्यांची माणसं हयात आहेत. त्यांच्या बापाचा शवपेट्या बनवायचा धंदा होता. लहानपणी लपाछपी खेळताना हे पेटीत जाऊन झोपायचे आणि बाप शोधत असताना आतून ऐकत राहायचे. पहिला चित्रपट काढला तेव्हा त्यांच्याच गावातले लोक थेटरातून मध्येच उठून गेले. दुसऱ्यावर बंदी आली. तिसऱ्याला बक्षीस मिळालं. एका नटीच्या तोंडावर खरी भीती दिसावी म्हणून तिला न सांगता त्यांनी खोलीला बाहेरून कडी घातली होती. हे सगळं मला त्यांच्याबरोबर आलेल्या मुंबईच्या असिस्टंट मॅडमनं सांगितलं. साहेबांचं इंग्रजी आणि माझं मराठी जोडणारी तीच. कडीचं सांगताना मॅडम हसली, मीही हसलो. तेव्हाच सावध व्हायला पाहिजे होतं.

पण माणूस म्हणून वाईट म्हणता येणार नाही त्यांना. बाजरीची भाकरी आणि ठेचा खाऊन डोळ्यांतून घळाघळा पाणी काढायचे आणि परत ताट पुढं करायचे. गावातली कुत्री त्यांच्या मागं फिरायची. मला हाताला धरून कॅमेऱ्यातून बघायला लावायचे. पंचवीस वर्षं लग्नांत नवरानवरीला 'इकडं बघा' म्हणत आलो, मला कुणी कधी असं कॅमेऱ्यातून बघायला बोलावलं नव्हतं. भारावून गेलतो, खोटं कशाला बोलू.

चित्रपट होता एका म्हाताऱ्याचा, जो आपल्याच मयतीला हजर राहतो. त्यासाठी तिरडीवर निजणारा म्हातारा पाहिजे होता. आमच्याकडं जिवंत माणूस तिरडीवर बांधायचा म्हणजे अभद्र. दोन म्हातारे तयार झाले, तर त्यांच्या सुना माझ्या स्टुडिओवर येऊन मला नको नको ते बोलून गेल्या. बिरू आप्पाला विचारलं तर आप्पा तंबाखू मळत म्हणाला, "बांध की. मेल्यावर कोण कोण येतंय ते कुणाला बघाय मिळतंय बे? मला बघू दे."

साहेबांना सगळं खऱ्यासारखं पाहिजे होतं. फाट्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स पाहिजे म्हणाले. ते तर माझंच खातं. मी जीव ओतून केला. आप्पाचा पटका बांधलेला फोटो, दोन बाजूंना समया, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'शोकाकुल : समस्त ग्रामस्थ' आणि कोपऱ्यात सवयीनं माझ्या स्टुडिओचं नाव आणि मोबाईल नंबर. सकाळी फाट्यावर टांगला, अंत्ययात्रा निघाली, गुलाल उधळला, डफ वाजला, आप्पा तिरडीवर एका डोळ्यानं कोण कोण आलंय ते मोजत होता. दृश्य झकास झालं. साहेब म्हणाले, फ्लेक्स राहू द्या, संध्याकाळच्या उन्हात परत घ्यायचाय. मी राहू दिला.

चूक झाली ती इथं, आणि ती माझी. धारूरात आणि आप्पाच्या वस्तीवर मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की हे शुटिंग आहे. पण फाट्यावरून दहा गावांची माणसं जातात. त्यांना कोण सांगणार? आमच्या जिल्ह्यात माणूस गेला का राहिला ते डॉक्टर ठरवत नाही, फ्लेक्स ठरवतो. फ्लेक्स बघितला की लोक विचारत नाहीत, थेट मोबाईलवर फोटो काढून स्टेटसला टाकतात. हे मला कळायला नको होतं का? तो धंदाच माझा.

दुपारी पहिला फोन लिंबागणेशहून आला. आप्पाचा कुणी साडू. "माती किती वाजता हाय?" माती म्हणजे आमच्याकडं अंत्यविधी. मी हसलो आणि फोन आप्पाच्या हातात दिला. आप्पा म्हणाला, "मी बिरू बोलतोय, माती न्हाई आज." तिकडून धाडकन फोन बंद. आम्ही दोघं पोट धरून हसलो. दुसरा फोन, तिसरा फोन, तरी हसत होतो. चौथा आला तेव्हा आप्पा मेंढरांना पाणी दाखवायला गेला होता, मी एकटाच होतो.

"शुटिंगवाले भाऊ का?" आवाज अनोळखी. "फ्लेक्सवर तुमचा नंबर दिसला म्हणून लावला. मी ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम बोलतोय, कोल्हापूरकडनं. द्वारकानं स्टेटसला बघितलं बगा. हातातला कोयता तितंच टाकला आन् निघाली. नवरा संगं हाय, पोरगी काखंला हाय. उद्या सकाळच्याला पोचतेल. तवर माती करू नका. लेकीला बापाचं तोंड बघू द्या. तिच्या नवऱ्याचा नंबर देतो, लिवून घ्या."

मी नंबर लिहून घेतला. 'आप्पा जिवंत आहे' हे तीन शब्द बोलायला किती वेळ लागतो? मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. पहिल्यांदा कुणाला तरी सांगावं असं वाटलं. धावत मॅडमकडं गेलो. मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं साहेबांना सांगितलं. साहेब बाभळीखाली खुर्ची टाकून चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी एकच गोष्ट विचारली, ती मॅडमनं खाली बघत मला मराठीत सांगितली. "किती वाजता पोचेल ती?"

मला वाटलं, गाडी पाठवायची असेल तिच्यासाठी.

मॅडमचं आणि त्यांचं इंग्रजीत बरंच वाजलं. मॅडम रडकुंडीला आली. शेवटी माझ्याकडं वळून म्हणाली, "ते म्हणतायत, तुम्ही खोटं काही बोलायचं नाही. फक्त फोन करायचा नाही." साहेब उठून माझ्याजवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. मॅडम सांगत राहिली, की ते म्हणतायत, आयुष्यभर चित्रपट केले पण मेलेला माणूस परत मिळाल्यावर माणूस कसा दिसतो ते कुणीच कधी बघितलेलं नाही. उद्या तिला जगातली सगळ्यात मोठी आनंदाची गोष्ट मिळणार आहे. एक रात्र दुःख आणि मग आनंद. वाईट काय त्यात?

वाईट काय त्यात, हे मला त्या वेळी सांगता आलं नाही. मी फोन लावला नाही. त्यांचा धाक होता म्हणू? नव्हता. मला बघायचं होतं. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. माझ्याही मनात आलं, की आयुष्यात एकदा तरी काहीतरी खरं आपल्या डोळ्यांसमोर कॅमेऱ्यात यावं.

संध्याकाळी आप्पा मेंढरं वाड्यात घालून आला. त्याचं हसू गेलं होतं. "फोटोवाल्या, आरं हे लांबवर गेलंय. आमच्या द्वारकीला कुणी काय कळवलं तर न्हाई ना? तिचं काळीज लई पातळ हाय. कुणाकडनं तरी नंबर काढ आन् लाव की फोन तिच्या नवऱ्याला."

"नंबर काढला आप्पा, लावलाही," मी म्हणालो. "रेंज नाही तिकडं."

साहेबांनी खोटं बोलू नको सांगितलं होतं. ते खोटं माझं मी बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पाच्या अंगणात तिरडीचंच दृश्य परत घ्यायचं ठरलं होतं, निदान आप्पाला तसं सांगितलं होतं. कॅमेरे तीन. एक कुडाच्या आत, एक बाभळीमागं, एक वर टेकाडावर. आप्पा निजला, डोळे मिटले. मी रस्त्याकडं बघत होतो. वाटत होतं, बस चुकावी, कुणीतरी वाटेत तिला सांगावं, काहीही व्हावं.

ती फाट्यावरून चालत आली नाही, पळत आली. केस सुटलेले, उसाच्या पानांनी हात चिरलेले, नवरा मागं पोरीला घेऊन. तिला कॅमेरे दिसलेच नाहीत. ती बापाच्या अंगावर पडली आणि जे ओरडली ते मला अजून कानात आहे. "आप्पा, मी आले ना वो, थांबायचं व्हतं ना वो." आप्पानं डोळे उघडले. उठून बसला. "द्वारके?" एवढंच म्हणाला. ती मागं सरकली, भुतासारखी त्याच्याकडं बघत राहिली, मग दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारायला लागली. मारता मारता हसायला लागली. मग बाजूला जाऊन ओकली. तीन वर्षांची पोरगी भोकाड पसरून रडत होती. कॅमेऱ्यामागं साहेबही रडत होते, खरोखर रडत होते.

आप्पानं लेकीच्या डोक्यावरून माझ्याकडं बघितलं. काही विचारलं नाही. मग मी माझं पुढचं काम केलं. चित्रपटात चेहरा दाखवायला परवानगीचा कागद लागतो. तो घेऊन द्वारकापुढं गेलो आणि "इथं सही कर" म्हणालो. तिनं केली. कशावर करतेय ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

चित्रपट देशोदेशी गाजला. मॅडमनं कात्रणं पाठवली. सगळ्यांनी त्या एका दृश्याचं कौतुक केलेलं, शिकलेल्या नटीला जमणार नाही असा अभिनय म्हणे त्या खेडवळ बाईनं केला. मी त्या दृश्याचा फोटो मोठा करून स्टुडिओत लावला. गिऱ्हाईक विचारायचं, मी ऐटीत सांगायचो, ही व्यवस्था आपली.

दोन वर्षांनी, हंगाम चालू असताना, बिरू आप्पा खरोखर गेला. सकाळी मेंढरं सोडताना खाली बसला तो उठलाच नाही. मला निरोप आला, मी धावत गेलो. आणि आप्पाचं अंग अजून कोमट असताना मी तोच नंबर लावला. या वेळी एका मिनिटाचाही उशीर केला नाही. द्वारकाच्या नवऱ्यानं उचलला, तिला दिला.

"द्वारका, आप्पा गेले गं," मी म्हणालो.

ती हसली. खरंच हसली. "भाऊ, पुना शुटिंग हाय व्हय? दर साली मरतंय का आमचं म्हातारं?"

"नाही गं द्वारका, खरं सांगतोय, शप्पथ."

"मागल्या बारीला बी समदं खरंच दिसत व्हतं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मी परत लावला, परत लावला. नवऱ्यानं उचलून सांगितलं, "कावून तरास देताव भाऊ? ती उसात गेली." मुकादमाचा नंबर लागेना. फ्लेक्स करावा असं एकानं सुचवलं. माझा हातच चालला नाही.

आम्ही माती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबवली. त्याच्या पुढं थांबवता आली नाही. ती तिसऱ्या दिवशी आली, सावडायला. दुसऱ्या कुणीतरी कळवलं होतं. आली तेव्हा रडली नाही. राखेपुढं नुसती बसून राहिली आणि मी तिच्या पाठीमागं चप्पल हातात घेऊन उभा. त्याच दिवशी स्टुडिओतला फोटो काढून माळ्यावर टाकला.

मागल्या साली साहेब गेल्याचं मॅडमनं कळवलं. मोठमोठ्या लोकांनी लिहिलं त्यांच्यावर. काही महिन्यांनी तिकडून दोघंतिघं आले, साहेबांच्या आयुष्यावर माहितीपट करायचा होता. त्यांना मी हवा होतो आणि द्वारका. मी म्हणालो, अगोदर मला तिच्याकडं एकट्याला जाऊ द्या.

शिरूरच्या पुढं तिच्या वाडीवर गेलो. तिनं पाणी दिलं, चहा टाकला. मी चहा हातातही घेतला नाही. म्हणालो, "द्वारका, त्या टायमाला तुझ्या नवऱ्याचा नंबर माझ्याजवळ होता. मी फोन केला नाही."

"ठावं हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तवापास्नंच. मुकादमानं सांगितलतं, भाऊला नंबर दिला म्हणून. तुमी काय तरी बोलताल म्हणून वाट बघितली. आप्पा जिता व्हता तवर बघितली, मंग बी बघितली." तिनं चहाचा कप माझ्याकडं सरकवला. "आप्पाला ठावं व्हतं का?"

"मी त्यांना रेंज नाही म्हणून सांगितलं होतं."

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "मला न्हाई यायचं त्या गोऱ्यांच्या पिक्चरात. तुमी जावा. पर हे सांगा त्यांना. आप्पा खरंच गेला तवा मी निघाले न्हाई, कावून निघाले न्हाई, ते सांगा. समद्यांनी बघितलंय मी कशी रडले ते. हे बी कळू द्या." मी सांगतो म्हणालो. तिच्यासमोर तसा शब्द दिला.

आणि मी सांगितलं, अगदी पहिल्या फोनपासून. किल्ल्याच्या दरवाजापाशी खुर्ची मांडून तासभर बोललो, त्यांच्याबरोबरचा दुभाषी इंग्रजीत सांगत गेला. कॅमेऱ्यामागची पोरगी मध्येच रडायला लागली. मुलाखत घेणाऱ्यानं शेवटी विचारलं, साहेबांनी तुमच्या भागात मागं काय ठेवलं? मी म्हणालो, इथं एक बाई आहे, तिला फोन लावला की ती हॅलो म्हणत नाही, खरं का म्हणून विचारते. त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला. घरी येताना वाटलं, सुटलो. द्वारकाला फोन करून सांगितलं, सगळं बोललो म्हणून. ती "बरं झालं" म्हणाली.

माहितीपट गेल्या महिन्यात आला. दीड तासाचा आहे. मी त्यात आहे, अर्धा मिनिट. साहेबांना ठेचा कसा आवडायचा ते हसत सांगतोय. त्यानंतर लगेच द्वारकाचं दृश्य लागतं, संगीत घालून, आणि कुणीतरी सांगतं की साहेबांना खऱ्याची कशी ओढ होती. बाकी काही नाही. मी दोनदा बघितलं, कुठं सुटलं असेल म्हणून. मग विचारणा केली, तर वेळेच्या मर्यादेमुळं असं उत्तर आलं.

परवा द्वारकाचा फोन आला. "भाऊ, पोरीनं मोबाईलवर लावलं व्हतं. तुमी त्यात ठेच्याचं बोलायलाव."

"द्वारका, मी सगळं सांगितलं होतं गं. त्यांनी कापलं."

 

"आसंल," ती म्हणाली. "तुमी म्हणताव तर आसंल."

तिचा विश्वास बसलेला नाही, आणि तिनं तो का ठेवावा? तेव्हापासून घास गोड लागत नाही. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी शुटिंगच्या गमतीजमती मागितल्या होत्या, सुरुवातीला त्या थोड्या दिल्या आहेत. लेख लांबला तर त्या खुशाल कापाव्यात. फ्लेक्सपासून पुढचा मजकूर मात्र एक ओळही कापू नये, अशी हात जोडून विनंती केली आहे. द्वारकाची टोळी दिवाळी झाली की निघेल, त्याच्या आत अंक हातात पडायला हवा. तिला वाचता येत नाही. पोरगी पाचवीला आहे, अडखळत का होईना वाचते. मी अंक घेऊन वाडीवर जाणार आहे, पोरीला मोठ्यानं वाचायला लावणार आहे, आणि तिचं वाचून होईपर्यंत द्वारकासमोरून उठणार नाही.